अप्पांना सांगितलेला अर्थ

तंजावर,
९ ऑगस्ट १९९६

चि. एकोजीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

इथे आम्ही बरे आहोत. कालव्याला पाणी आलं. तिरुवैयारूच्या आत्याचे गुडघे तसेच. मुंबईत वेळेवर जेवतोस नं? अप्पांशी भांडून गेलास त्याला अकरा वर्षं झाली, तरी आधी हेच विचारावंसं वाटतं.

एप्रिलमध्ये तुमच्या कंपनीचं पत्र आलं. आईच्या नावाची आपली 'मंगला कॉफी' त्यांना अक्वायर करायची होती. अप्पांनी विचारलं, "अक्वायर म्हणजे काय गे? टायपिंगच्या मुलींना धंद्याचं इंग्रजी तूच शिकवतेस नं?"

शिकवते. ज्ञान अक्वायर करतात, गिऱ्हाइकं अक्वायर करतात. पण कंपनी अक्वायर केली म्हणजे ती विकत घेतली, यंत्रांसकट, नावासकट. हे मला पाठ आहे. अप्पांना मात्र म्हणाले, "आपल्याला त्यांच्यात मिळवून घेणार." त्यांनी सही केली.

आता कॉफी कोइंबतूरला भाजतात. गेल्या महिन्यात अप्पांनी मणीच्या दुकानासाठी थोडी पूड घरीच दळली आणि पाकिटांवर नेहमीसारखं आईचं नाव घातलं. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, "सर, हे नाव आता तुमचं नाही." अप्पांनी ती सगळी पाकिटं घरी आणली आणि एकेकावरचं नाव पेनने खोडत बसले. मला बघवेना.

एकोजी, मी खोटं बोलले, कारण पत्राखाली तुझी सही होती. वाटलं, कागद करायला तूच येशील. सहीच्या दिवशी मी वांगी भाजून तुझ्या आवडीची डांगर केली होती. वकील आला, दोन अनोळखी माणसं आली. ती जेवली नाहीत.

परवा अप्पांपाशी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "शब्दाचा अर्थ मला बँकेतल्या हनुमंतरावांनी पत्र आलं त्याच दिवशी सांगितला. आणि पोराची सही मला ओळखता येत नाही होय? तो येईल, म्हणूनच तर दिलं."



रागाने लिहीत नाही. अप्पांना डाव्या डोळ्याने आता दिसत नाही, उजवाही अंधुक होतोय. तुला नीट बघता येईल तोवर ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
अक्का चंद्रमती