गाजरामागचा डाव

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला एव्हाना गेला असेल. माझी तब्येत उत्तम आहे आणि संशय नेमका तिथेच आहे. धडधाकट माणसाला रोज गाजर कशाला खायला घालतात?

गेल्या महिन्यापासून तुझी भावजय बदलली आहे. सकाळी गाजर, दुपारी पालक, संध्याकाळी पपई, अधूनमधून अंडं. विचारलं तर म्हणते, "डोळ्यांना चांगलं असतं." स्वतः मात्र गाजराला हात लावत नाही (मी पाळत ठेवली आहे). परवा तर मला तांदूळ निवडायला बसवलं. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मी खडे काढून परात परत दिली, तर ती घेऊन खिडकीशी गेली आणि बराच वेळ काहीतरी वेचत बसली. काल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून तारीख विचारली. रेडिओवर ऐकून ठेवली होती म्हणून निभावलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक वकील आहे. त्याच्या काळ्या कोटाची काजं मी गडद निळ्या दोऱ्याने केली, एवढंच. (दोष दुकानातल्या बल्बचा. बदलला, तर नवाही तसलाच निघाला. हल्ली बल्बवालेसुद्धा विश्वासाचे राहिले नाहीत.) ही नवी फॅशन आहे असं त्याला सांगितलं, तर त्याने सरळ घरी येऊन हिचे कान भरले. आता मला मशीनवरून उठवून तिथे सुनेला बसवायचा डाव शिजतोय. ताई, चाळीस वर्षं मी तिथे बसलोय. उठलो तर दिवसभर करू काय?

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : तुझ्या शेजारी डोळ्यांचे डॉक्टर राहतात ना? त्यांना सहज विचार, गाजर खाऊन डोळ्यापुढचं धुकं जातं का, आणि किती किलोंनी? माझं नाव काढू नकोस. उजव्या डोळ्याने सुईत दोरा ओवता येत नाही. हिला कळता कामा नये.

आणखी एक ता. क. : वन्सं, नमस्कार. ह्यांच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तुम्हाला वाचता आल्या नसत्या. म्हणून जसंच्या तसं उतरवून काढलंय, कंसांसकट. सुनेला साधं बटण लावता येत नाही. मोतीबिंदू असेल तर तो गाजराने जात नाही, हे डॉक्टरांनी मला कधीच सांगितलंय. पण दवाखान्याचं नाव काढलं की हे घर डोक्यावर घेतात, म्हणून आधी गाजर. मंगळवारची वेळ घेतली आहे. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, तेव्हा सोमवारीच या. मशीनला मी तेल घालून ठेवलंय.