आईंचा रविवार

३ नोव्हेंबर, रविवार
आज भर चर्चमध्ये आईंना बायबलातली मार्था म्हटलं! नाव घेतलं नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. नवे पाळक हान बोलत होते — 'प्रभू घरी आलेला, आणि मार्थेचं लक्ष भांड्यांत! आपल्यातही आहेत अशा मार्था. वर वचन चालू असतं, खाली झाकणं वाजत असतात.' नेमकं तेव्हाच तळघरातल्या स्वयंपाकघरात, आई दर रविवारी मंडळीचं जेवण करतात तिथं, झाकण पडलं — खण्ण! मंडळी हसली. सासू दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते.

खाली गेले तर आई मुळ्याच्या रश्श्यात शिंपल्या सोडत होत्या. तिथं स्पीकर आहे, म्हणजे सगळं ऐकलेलं. म्हणाल्या, "बरोबरच बोलला पोरगा. जा, वाट्या मांड."

घरी माझा नवरा कीहो भडकला. "मी जाऊन बोलतो त्याच्याशी!"
"तू आधी मोजे धुवायला टाक," आई म्हणाल्या.

५ नोव्हेंबर
आईंनी जांभळं जाकीट काढून उन्हात टाकलं. हे काही खरं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
आई पहिल्या बाकावर! जांभळं जाकीट, ओठांना रंगसुद्धा. पहिल्या गीताला ताठ, दुसऱ्याला पेंगल्या, प्रवचनात चक्क घोरल्या. मी कोपर मारलं नाही. रोज अंधारात उठणारं माणूस — कुणी बसवलंच नव्हतं त्यांना कधी!

खाली चूल थंड. म्हातारी माणसं अंगणात कोट आवळून उभी राहिली, मग एकेक पांगली. मानदोल आजोबा नेहमीसारखे उपासना संपल्यावर उगवले. बायको गेल्यापासून एकटेच असतात. 'देवाशी माझं काही नाही, माझं नातं रश्श्याशी' — पाळकांना तोंडावर सांगणारे! दारातून आत डोकावले.
"ओकबुन आजारी आहे का?"
ओकबुन म्हणजे आई — माझ्या मागेच होत्या. त्या आणखी आड सरकल्या. आजोबा आल्या पावली परतले. पाळक पायऱ्यांवर उभे राहून बघत होते.

घरी आल्याबरोबर आईंनी जाकीट उतरवलं, चूल पेटवली. संध्याकाळी पातेलं धरून आम्ही दोघी आजोबांच्या दारात.

१४ नोव्हेंबर
वर्षभराच्या किमचीच्या लोणच्याचा कोबी अंगणात निथळत होता, तेवढ्यात पाळक आले. ते बसायच्या आधीच आईंनी रबरी हातमोजे पुढे केले. "रिकाम्या हातांनी बोलू नका." बिचारे पानापानाला तिखट चोळत बसले!

"आई, मी चुकलो. मार्थेला बोल लावला आणि दर रविवारी तिच्याच हातचं जेवलो. तुम्हाला मंडळीची ज्येष्ठ सेविका करायचं ठरलंय."
आई हसायलाच लागल्या. "मला कशी करणार? माझा बाप्तिस्मा कुठं झालाय?"

माझ्या हातातला कोबी परातीत पडला. कीहोचा झाला, माझा झाला — आईंचा नाही?
"अहो, बाप्तिस्म्याच्या रविवारी पाहुणे किती! मी वर जाऊन उभी राहिले तर खाली भात कोण शिजवणार?"

मग हात न थांबवता सांगितलं. "नवरा गेला तेव्हा कीहो पाठीवर होता. मी उपाशी. इथल्या एका बाईनं भात वाढला. कोण, कुठली — काही विचारलं नाही. जेवले आणि तिच्याबरोबर भांडी घासायला बसले. तेव्हा बसले ती बसलेच."

पाळकांनी मोज्यानंच डोळे पुसले. तिखटाच्या! मग काय, नळाखाली धरावं लागलं त्यांना. आई एका हातानं पाणी मारतायत, दुसऱ्यानं पाठ थोपटतायत — "उघडा डोळे, उघडा! काही होत नाही."

२३ नोव्हेंबर
आई उद्या बाप्तिस्मा घेणार. किती मिनतवाऱ्या! शेवटी एका अटीवर — स्वयंपाक पाळकांच्या बायकोनं आणि मी करायचा, पण मीठ त्याच घालणार.

२४ नोव्हेंबर, रविवार
आईंच्या कपाळावर पाणी पडलं. लहान मुलीसारखे डोळे मिटले होते त्यांनी. पाळकांनी विचारलं, "आणखी कुणाला यायचंय?" सवयीनं विचारतात, कुणी उठत नसतं. मागे बाक करकरलं. मानदोल आजोबा! टोपी काढली, म्हणाले, "मला वचनबिचन काही येत नाही. पण तुमच्या देवाच्या हातचं मी बरीच वर्षं जेवतोय."