आकाशात आरसे कुणी लावले?

२१ नोव्हेंबर १९९८

"तो भाग दीक्षाचा आहे सर. मला आधीपासूनच शंका होती."

हे मी बोलले! माइकवर, भरल्या हॉलमध्ये. अजून कान गरम आहेत.

कोल्हापुरात अकरावी-बारावीचा विज्ञान परिसंवाद होता. जोडीनं बोलायचं. आमचा विषय लेसर — पृथ्वीवरचा माझ्याकडं, आकाशातला माझ्या मैत्रिणीकडं, दीक्षाकडं. माझं सुरळीत पार पडलं. मग दीक्षानं सांगितलं, आकाशात लेसर आपोआप तयार होतो. मंगळाच्या हवेत होतो, हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याभोवतीच्या हायड्रोजनमध्ये होतो. परीक्षकांनी चष्मा काढला. "लेसरला दोन आरसे लागतात. आकाशात आरसे कुणी लावले, बाई?"

हॉल हसून फुटला नुसता! दीक्षा डगमगली नाही. "आरसे लागत नाहीत सर. वायूचा ढगच इतका लांब असतो की —" "कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे हे?" तिनं माझ्याकडं बघितलं. हे सगळं ज्या मासिकात होतं ते आम्ही दोघींनी एका बाकावर बसून वाचलेलं. मला सगळं ठाऊक होतं. आणि मी तोंड उघडलं ते असं.

दीक्षा एसटीतनं आमच्या कोडोलीला उतरताना म्हणाली, "चार्ट तूच ने."

२३ नोव्हेंबर

निकाल. माझा पहिला नंबर! आमचा नाही — माझा. 'आकाशातला भाग वगळून.' सांगलीच्या फेरीला मी एकटीनं जायचं.

आण्णांनी डेअरीत दूध घालायला आलेल्या एकेकाला धरून सांगितलं, "आमची अनुजा लेसरवर बोलती!" आई म्हणाली, "आणि दीक्षा?" मी म्हटलं, तिचं जरा चुकलं.

थू तुझ्या जिनगानीवर, अनुजा.

२४ नोव्हेंबर

दीक्षा कॉलेजला आली नाही.

२५ नोव्हेंबर

आजपण नाही. शेजारी कुणी बसायला आलं की मी तिथं दप्तर ठेवते. कुणासाठी राखतेय, देव जाणे.

२७ नोव्हेंबर

तिच्या घरी गेले. दारातनंच परत फिरणार होते, पण सोनूमावशींनी — दीक्षाच्या आईनं — बघितलं. "ये की! दारात का हुबी ऱ्हायलीस?"

दीक्षा वाचनालयात गेलेली. मावशींनी चहा टाकला, शेंगा पुढ्यात ठेवल्या. म्हणाल्या, "दीक्षा सांगत हुती, समदी फिदीफिदी हसली तवा अनुजानं एकटीनं तिची बाजू घेतली. लई बरं वाटलं बघ. न्हायतर आमच्या पोरींसाठी कोण हुबं ऱ्हातंय?"

मी खाली बघून शेंगा फोडत राहिले. मावशींकडं बघवेना. तरी बोलले का मी? नाही. चहा प्याले. "आणि घे जरा" म्हणाल्या, तोही प्याले! इतकी कशी मी निर्लज्ज?

दीक्षानं घरी असं का सांगितलं? माझी अब्रू राखायला? मी तिची भर हॉलमध्ये घालवली, आणि ती माझी राखतेय! यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

२ डिसेंबर

आमच्या फिजिक्सच्या चौगले सरांनी विद्यापीठातल्या त्यांच्या जुन्या सरांना फोन केलेला. वर्गाबाहेर बोलावून म्हणाले, "पोरगी बरोबर हुती गं! आकाशात खरंच हुतोय लेसर." वर आणखी सांगितलं — पाण्याच्या वाफेतनंही असेच झोत निघतात, पण रेडिओलहरींचे. त्यांच्यावरून लांबच्या आकाशगंगांची अंतरं मोजायची खटपट चालू आहे.

मला वाटलं, सुटले. आता दोघींना पाठवतील. तर सर म्हणाले, "सांगलीला तू हे पण बोल. तिथं परीक्षक दुसरे हाईत. आरशाशिवाय कसं जमतं तेवढं सोपं करून सांगायला यायला पाहिजे. जमंल?"

आणि मी घडाघडा बोलले! समजा, खासबागेच्या मैदानात कुस्ती रंगलीय. माणसं, म्हणजे वायूचे कण, आधीच तापलेली. एकानं "हाण!" म्हटलं की शेजारचा तेच, त्याच सुरात ओरडतो, मग त्याच्या शेजारचा. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत नुसती गर्जना. मैदान लहान असतं तर तोच आवाज भिंतींवर आपटवून पुन्हा पुन्हा गर्दीतनं फिरवावा लागला असता — आरशांचं काम तेवढंच. मैदानच कोसच्या कोस लांब असलं तर भिंती कशाला?

सर खूश. "वा! कुठनं सुचलं हे?"

"असंच, सर."

असंच! दीक्षाचे बाबा तिला लहानपणी खांद्यावर बसवून कुस्त्या बघायला न्यायचे, तिथनं सुचलंय ते. तिला. मी खासबाग आतनं बघितलेली पण नाही.

५ डिसेंबर

भाषण पाठ करतेय. "एकानं हाण म्हटलं की" इथं जीभ अडते. दर वेळी.

७ डिसेंबर

सरांना सांगून टाकलं. सगळं — मासिक, हॉल, खासबाग.

रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "मग सांगलीला तू कशाला जातीस?" आणि नाव बदलायला फोन लावला.

वाचनालयात दीक्षाला गाठलं. जागा तिची म्हणून सांगितलं. पुस्तकातनं मान वर न काढता म्हणाली, "जाईन. पण तू दिलीस म्हणून न्हाय. माझीच हुती."

"व्हय," मी म्हटलं. माफी मागितली. "बघू," म्हणाली.

मग स्वतःच बोलली. मंगळाभोवती आपण आरसे फिरत ठेवले तर तिथल्या हवेचाच लेसर करून लांबवर निरोप धाडता येईल, असं कुणीतरी मांडलंय म्हणे. "सांगलीत कुणी इचारलं ना, आरसे कुणी लावले — तर सांगणार, अजून न्हाय लावले. लावू की!"

मला हसू आलं. तिला नाही आलं. घरी माझ्याबद्दल असं चांगलं का सांगितलंस, हे विचारायचा धीरच झाला नाही.

आण्णा आईला म्हणाले, "डेअरीत काय तोंड दाखवू?"

९ डिसेंबर

आज मावशींना सांगायला गेले. "मावशी, त्या दिवशी मी दीक्षाची बाजू —" पुरं बोलूच दिलं नाही.

"ठावं हाय. पोरीनं त्याच दिवशी रडत समदं सांगितलंतं. तू बाजू घेतलीस, हे मीच माझ्या मनानं म्हटलं. म्हटलं बघूया, हिच्या तोंडातनं खरं निघतंय का."