दहा मिनिटं शिल्लक

५ जुलै, शनिवार

प्रविणने काच फोडली. आपल्याच काउंटरची! हातातला रिमोट असा आपटला की काच खाली — सीडींवर, माझ्या चपलांवर, सगळीकडे. मनगटातून रक्त. नमिता धावली, नवऱ्याच्या हाताला ओढणी गुंडाळायला लागली, तर तिलाच ढकललं.

कारण? गिऱ्हाईक. तासभर आमच्या बाकावर बसून नवा गेम खेळून पाहिला. कसा चालतो, कुठला रिमोट घ्यावा, सगळं प्रविणकडून समजून घेतलं. मग पायरीवर उभं राहून मोबाइलवर मागवला! वर म्हणतो, "राग नको हं शेठ, तिकडं सातशेनं स्वस्त हाय."

प्रविण दातओठ खात म्हणाला, "आता येऊ दे एकेक पार्सलवाला गल्लीत. तंगड्या तोडतो."

बापाला वाईट वाटायला हवं होतं. खरं लिहितो — बरं वाटलं.

६ जुलै

काचा वेचताना आठवत बसलो.

एसटी स्टँडमागची ही गल्ली. बायकोच्या, शकूच्या नावाचं दुकान, 'शकू व्हिडिओ गेम्स'. दारात पोरांच्या चपलांची रास. माझा एक नियम — शाळेतली कविता न अडखळता पूर्ण म्हणा, दहा मिनिटं फुकट खेळा. पेणमधल्या निम्म्या पोरांच्या कविता त्या बाकावर पाठ झाल्या!

रोह्याचा साईराज आत्याकडे शिकायला होता. सगळ्यांत पुढे. एकदा लांबलचक कविता एका दमात म्हणाला, रिमोट हातात घेतला, आणि वीज गेली. रडवेला झाला. म्हटलं, "शिल्लक राहिली हो तुझी दहा मिनिटं." पुढच्याच आठवड्यात आत्याचं बिऱ्हाड हललं.

आता तोच साईराज पार्सलं वाटतो. पाठीवर भली मोठी काळी पिशवी.

शकूचा टीव्ही गेम अजून कपाटात आहे. दुपारी दुकान रिकामं असलं की पदर खोचून रणगाड्यांचा डाव मांडायची. मला हरवायची! त्याचा अडॅप्टर जळलेला. वीस तारखेला तिला जाऊन सहा वर्षं होतील. त्या दिवशी एक डाव खेळावा, एवढंच मनात आहे.

१० जुलै, गुरुवार

आदर्शच्या मोबाइलच्या दुकानात गल्लीतल्या सगळ्यांची बैठक. ठराव — पार्सलवाल्यांना गल्लीबंदी.

"काका, दोन शब्द बोला." बोलायचं काय? उभा राहिलो आणि सातवीतली ती लढाईची कविता म्हटली. गुरुजींनी शिकवली तशी, मूठ वर करून. शेवटच्या कडव्याला सगळे उभे! आदर्श ओरडला, "काका, नुस्तं सांगा कुणाला कापायचा!" सगळे हसले.

प्रविण हसला नाही. लहानपणी बघायचा तसा माझ्याकडे बघत होता. किती वर्षांनी!

१२ जुलै

मुंबईच्या होलसेलवाल्याला फोन केला. "शेठ, तो अडॅप्टर आता भंगारात बघा." फोन ठेवलासुद्धा.

नमिताने मोबाइलवर दोन मिनिटांत शोधला. "मागवू का, बाबा? पण यांना कळलं तर आपल्या दोघांना फाडतील."

मागव म्हटलं. पत्ता मागच्या आळीतल्या काळुरामच्या गणपती कारखान्याचा दिला. काळुराम माझा शाळासोबती, बोलणार नाही. पत्त्याखाली पार्सलवाल्यासाठी लिहायला लावलं — गल्लीतून येऊ नकोस, मागून ये.

ठराव मीच पेटवला. मोडलाही मीच. दोनच दिवसांत!

१८ जुलै, शुक्रवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

दुपारी अडीचला कारखान्यात गेलो. मूर्ती ओळीने उभ्या, डोळ्यांची आखणी व्हायची होती. बाईक भिंतीला लावून साईराजच आत आला. हसला. "काका! तुमी पण?" मी हात पुढे केला, तोच दारात आवाज — प्रविण, आदर्श, आणखी तिघं. बाईकमागे धावत आलेले.

मी मोठ्या मूर्तीमागे सरलो. भीतीने नाही. लाजेने.

"बंदी म्हाईत नाय काय रं?" आदर्शने कानाखाली काढली.

"गल्लीत गेलोच नाय मी! मागनं आलोय —"

प्रविणने कोपऱ्यातली फळी उचलली. एक पाठीत. एक बरगडीत. कडकन आवाज आला. साईराज मूर्तींवर कोसळला. सोंडा तुटल्या, हात तुटले, पांढऱ्या भुकटीत लाल चिखल. काळुराम किंचाळत होता, "अरं, मरंल तो! देवाची जागा हाय!" तिसरा फटका तोंडावर. फळीला खिळा होता.

आणि मारताना प्रविण माझी कविता म्हणत होता. फटक्याला एक शब्द.

साईराजने खालून माझ्याकडे पाहिलं. एकाच डोळ्याने. ओठ हलले.

मी मान फिरवली.

पार्सल, त्यावरचं नाव कुणी न वाचताच, प्रविणच्या बुटाखाली चुरलं.

१९ जुलै

प्रविण दोनदा भात मागून जेवला.

२० जुलै

शकूचा दिवस. साईराजला अलिबागच्या इस्पितळात हलवलंय. उजवा डोळा गेला.

२२ जुलै, मंगळवार

आदर्श घरी आला. "काका, तुमचा शब्द पेणमध्ये कोण मोडत नाय. पोलिसांना सांगा, घसरून मूर्तींवर पडला. काळुराम तसंच बोललाय. आता तुमी बोललाव की मिटलं."

प्रविणने माझे पाय धरले. "बाबा, आत जाईन मी. आणि पेटवलंत तुम्हीच ना?"

काय चुकीचं बोलला?

नमिता चुलीपाशी हळूच म्हणाली, "पार्सल कोणाचं, ते साईराज सांगतच नाय म्हणे. का हो बाबा?"

२४ जुलै

एसटीने अलिबागला गेलो. साईराजची आई, चंद्रावती, दारातच आडवी. "कशाला आलाव? दुसरा पण फोडायला?"

आतून तोच म्हणाला, "येऊ दे गो आये. कवितावाले काका हायत."

अर्धं तोंड पट्ट्यांत. बोलताना ओठ फाटत होता. "काका, पार्सल नाय देता आलं. कोणाचं ते बोललो नाय मी. तुमची गल्लीत इज्जत हाय." मग हसायला गेला, कळवळला. "माझी दहा मिनिटं शिल्लक हायत हां. आता एका डोळ्यानं खेळन."

येताना धरमतरच्या पुलावर त्या कवितेची एक तरी ओळ आठवते का बघितलं. एकही नाही.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळीच पोलीस ठाण्यात गेलो.

साहेबांनी विचारलं, "पार्सल कोणाचं होतं?"

म्हटलं, माझं.

"आणि मारणारा?"

म्हटलं, तोही माझाच.