टिपकागदावरचे दोन थेंब

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा ताप उतरला का, ते आधी कळव.

तू टिपकागदावर पाठवलेला रक्ताचा थेंब पोचला. मार्चमधल्या तापाचा थेंब मी जपून ठेवलाच होता. काल आमच्या प्रयोगशाळेत दोन्हींतले हिवतापाचे जंतू शेजारीशेजारी तपासले. निळ्या उजेडात त्यांच्या जनुकांच्या खुणांचे पट्टे सावकाश उमटतात, पाण्याखाली दिवे लागावेत तसे. बघताबघता वाटलं, पलीकडे तूच उभा आहेस, शाळेच्या गणवेशात, ओठ घट्ट मिटून.

पट्टे जुळले असते, तर मार्चमधलाच जंतू अंगात उरला, म्हणजे गोळ्या तू अर्ध्यात सोडल्यास, असं मी धरलं असतं. ते जुळले नाहीत. रोग एकच, पण जंतूंची घराणी दोन. हा ताप नव्या डासाने दिलाय. गच्चीवरची टाकी आजच झाक, आणि या वेळीही सगळ्या गोळ्या घे.

"ताई, एकूण एक गोळी घेतली गं," असं तू फोनवर तीनदा म्हणालास. मी "थापा मारू नकोस" म्हणून फोन ठेवला. तुझ्या बायकोलाही तुझ्यावर पाळत ठेवायला मीच सांगितलं होतं. तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

आणखी एक. लोणच्याची बरणी मांजराने पाडली, असं तू लहानपणी रडूनरडून सांगत होतास. मांजरानेच पाडली असेल.

तुझी,
ताई