देवाच्या तांदळावर वाढलेल्या झुआलीच्या नावे

मी थानछुमी, दिवंगत खुमा यांची विधवा, चम्फाईच्या वरच्या वस्तीत राहणारी, कोणाच्याही धाकाविना, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. डोळे अधू झाले, गुडघे गेले. जीभ मात्र शाबूत आहे, हे गावात कोणालाही विचारावे.

कलम एक. राहते घर व मागची संत्र्याची बाग माझी मयत धाकटी बहीण लिआनी हिची मुलगी झुआली हिला मिळावी. आमच्यात बापाचे घर धाकट्या मुलाला जाते, म्हणून ते माझ्या यजमानांना मिळाले. मला मूलबाळ नाही, म्हणून थोरले दीर वानकुंगा त्यावर डोळा ठेवून आहेत. ते चर्चचे पंच आहेत. प्रार्थनेला डोळे मिटतात तेव्हाही तो एक उघडाच असतो.

याचे कारण नोंदवणे भाग आहे. आमच्याकडे स्वयंपाकाआधी बाई तांदळाची एक मूठ देवासाठी डब्यात बाजूला काढते. घरोघरचे ते डबे चर्चसाठी गोळा करायचे काम माझ्याकडे होते. एकदा जाऊबाईंच्या, म्हणजे वानकुंगांच्या बायकोच्या, डब्यात पोरकिडे वळवळताना दिसले. मी चारचौघींत डबा अंगणात उपडा केला. म्हटले, "जाऊबाई, कोंबड्यांचा डबा चुकून देवाला आला वाटतं!" माझे काम गेले. माझा डबा न्यायलाही कोणी येईना. मी मूठ काढतच राहिले.

पुढल्या साली बांबू फुलला, त्याचे बी खाऊन उंदीर माजले आणि त्यांनी शेते फस्त केली. त्यातच लिआनीला दिवस गेले, तेही बिनलग्नाचे. ह्याच जिभेने मी तिला म्हटले, "तोंड काळं कर. ह्या उंबऱ्यावर परत दिसू नकोस!" जन्मात माझे कधी ऐकले नाही तिने, तेवढे ऐकले. ऐझॉलला परक्याच्या घरी बाळंतपणात गेली. ओझेवाल्यांनी पोर पाठीवरच्या टोपलीतून आणून दिली. घरात दाणा नव्हता. होता तो देवाच्या डब्यात. त्याच्या पेजेवर मी झुआली जगवली.

वानकुंगा भर चर्चमध्ये उभे राहिले. "थानछुमी, बिनबापाच्या पोरीला देवाच्या वाट्याचं चारलंस. ही चोरी झाली!"

मी म्हटले, "मग देवानंच पोसली म्हणा की, भावजी! तुमच्या घरून तरी कुठे मूठभर आलं?"

माझे प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा वाटा, बंद झाले. ते पुन्हा सुरू करा, असे मीही कधी म्हटले नाही.

कलम दोन. डुक्कर माझी कबर खणणाऱ्या पोरांना कापून घालावे. वानकुंगा जेवायला बसलेच तर वाढावे, पण शेपटाकडचे.

कलम तीन. मयतावर पांघरायला लोक घरची विणलेली वस्त्रे आणतील. जाऊबाईंचे बाजूला ठेवावे. कसर लागलेले असायचे.

कलम चार. रात्री गाणी म्हणायला लोक जमतील. तेव्हा कोणी "स्वभावाने गोड होत्या" असे म्हटले, तर झुआलीने उठून "खोटं!" म्हणावे.

कलम पाच. देवाचा डबा झुआलीला. मूठ काढत राहावे. न्यायला कोणी येवो न येवो.

परवा झुआली म्हणाली, "मावशी, देऊन टाक ना त्यांना घर. किती भांडायचं गं?" आईवर गेली आहे, लोण्यासारखी. चर्चचे पाळक जन्मभर सांगत आले, देवाने प्रत्येकाला काही हेतूने घडवले. मी म्हणे, मला घडवताना त्याचे लक्ष दुसरीकडे होते. आता म्हणत नाही. माझी जीभ गोड असती, तर वानकुंगांनी पहिल्यांदा मागितले तेव्हाच मी हसत किल्ली दिली असती आणि ही पोर आज रस्त्यावर असती. म्हणजे हा विखार त्यानेच भरला आणि हे घर त्याला तेव्हाच दिसत होते. एवढा माझा त्याच्यावर विश्वास आहे.

पण तीच जीभ लिआनीवरही चालली. त्यात त्याचा कसला हेतू होता, ते मी वर गेल्यावर विचारणार आहे. गोड आवाजात नाही.

सही: थानछुमी
वरची वस्ती, ९ नोव्हेंबर १९८८

साक्षीदार:
थान्झामा, लोहार
ह्मिंगा, पाळक. (शेवटचे वाक्य गाळावे अशी विनंती मी केली. त्यांनी मलाही सोडले नाही.)