सिंहाचं नाक

२१ ऑक्टोबर २०१५, अल् खुवैर

उद्या दसरा, म्हणून सुनंदाने देवांच्या भांड्यांबरोबर माझा ब्रिटिश पलटणीचा, टोपीवरचा सिंहाचा बिल्लाही चिंचेने घासला. इथल्या निझव्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला, शंभर वर्षांचा!

"अगं, तो काळपटपणा म्हणजेच त्याचं वय होतं!" मी ओरडलो.

"मळ होता हो," म्हणाली आणि रडकुंडीला आली.

मग भिंगाखाली धरला. खऱ्या बिल्ल्यावर शिपायाने रोज पुसून पुसून सिंहाचं नाक झिजवलेलं असतं. याचं नाक कालच साच्यातून निघाल्यासारखं टोकदार. म्हणजे नक्कल. वरचा काळपटपणा बहुधा बूटपॉलिशचा. आणि हा मी दोन वर्षं पाहुण्यांसमोर मिरवला? काय तज्ज्ञ मी!

इतक्यात ती शिरा घेऊन आली. "चुकलंच माझं."

शिरा चांगला झाला होता. सगळा खाल्ला. नाकाबद्दल चकार शब्द काढला नाही.